सकाळचा बिघाड वेगळा, दुपारचा वेगळा

*प्रश्न: आमच्याकडे बाबांची १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबा गेल्यावर ती विकायचं कुणाच्याच मनात आलं नाही. मी शिक्षिका आहे, चिपळूणला राहते, गाडी मीच चालवते. गेल्या पावसाळ्यात ती सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायला लागली. सेल्फ छान फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही आणि पकडलंच तर बराच वेळ मिसिंग करायचं. म्हणून एप्रिलमध्ये गॅरेजमध्ये दिली. बॅटरी, चारही प्लग आणि कॉइल बदलून मिळाली. यंदा पाऊस सुरू झाला आणि सकाळचं रडगाणं पुन्हा तसंच! वर आता नवीन एक भर पडली आहे. तासभर चालली की गाडी अचानक बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की सुरू होते. परवा कुंभार्ली घाटात असंच झालं. गॅरेजवाले काका पॉइंट घासून देतात, तेवढ्यावर चार दिवस बरे जातात. आता ते इलेक्ट्रॉनिक किट बसवा म्हणताहेत. बाबा सगळी कामं घरीच करायचे, त्यांची पान्यांची पेटी आहे, जुनी कॉइलही डिकीत पडून आहे. मला हे घरी जमेल का? आई म्हणते, करंट लागेल, हात लावू नकोस.*

ताई, जमेल. तुमची गाडी घरी दुरुस्त होण्यासारखी आहे. अशा गाड्यांच्या शेवटच्या पिढीतली ती आहे. तिच्या इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, एकही भाग असा नाही जो डोळ्यांनी पाहून, साध्या बल्बने किंवा तीन-चारशे रुपयांच्या मल्टीमीटरने तपासता येत नाही. पण पान्याला हात लावण्याआधी तुमचं पत्र पुन्हा एकदा वाचा, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे.

तुम्ही दोन तक्रारी एकाच दमात लिहिल्या आहेत आणि गॅरेजमध्येही त्या एकच धरल्या गेल्या. त्या एक नाहीत. सकाळी, गार इंजिनावर, दमट हवेत सुरू न होणं हा एक बिघाड. तासभर चालल्यावर, गरम इंजिनावर बंद पडणं हा दुसरा. पहिला गेल्या पावसाळ्यापासून आहे आणि तो कुणी अजून शोधलेलाच नाही. दुसरा एप्रिलनंतर आला, म्हणजे कॉइल बदलल्यानंतर. त्याआधी गाडी घाटात कधी बंद पडली असती, तर तुम्ही ते नक्की लिहिलं असतं. माझा दाट संशय आहे की पहिला बिघाड तसाच राहिला आणि दुसरा नव्या कॉइलबरोबर घरात आला.

न तपासता पार्ट बदलत जाण्याचा मला मनापासून राग आहे. पैसे जातात हे तर झालंच. पण प्रत्येक नवा पार्ट आपल्याबरोबर नवी शंका घेऊन येतो, आणि मग मूळ दोष कुठला नि नंतर घातलेला कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. तुमच्या गाडीच्या बाबतीत हे जास्तच जपायला हवं. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं बंद होऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटला. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्या टॅक्सींवर हात बसलेले मेस्त्री पांगले आणि त्यांच्यासाठी चालणारा सुट्या भागांचा मोठा बाजारही आटला. आता ‘बसतो’ म्हणून मिळणारा भाग ‘जुळतो’ असं धरून चालू नका.

ही यंत्रणा करते काय, ते एकदा नीट समजून घ्या. पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट चावीच्या स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातात आणि तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटमधून (उघडमीट करणाऱ्या धातूच्या दोन टिकल्यांमधून) बॉडीला, म्हणजे अर्थला मिळतात. पॉइंट मिटलेले असताना हा करंट वाहतो आणि कॉइलच्या गाभ्यात चुंबकत्व साठतं. डिस्ट्रिब्युटरचा कॅम पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि दुसऱ्या, हजारो फेऱ्यांच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उभे राहतात. ते जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या, म्हणजे कॅपच्या, मधोमध येतात, आत फिरणारा रोटर त्यांना ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर असतो तो करंट झटक्यात तुटावा म्हणून. तो नसला तर पॉइंटमध्येच ठिणगी पडते, पॉइंट जळतात आणि प्लगला जेमतेम काही पोचतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात. इतक्या घाईच्या कामात एखाद्या वायरचं ढिलं टोकही पुरेसं असतं.

आता आईंच्या काळजीबद्दल. त्यांची भीती खोटी नाही. प्लगच्या वायरचा झटका निरोगी माणसाला सहसा फक्त दचकवतो, पण दचकून मागे घेतलेला हात फिरत्या पंख्यात किंवा पट्ट्यात जाऊ शकतो, आणि खरी इजा तिथे होते. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्या व्यक्तीने चालू इग्निशनच्या जवळही यायचं नाही. इंजिन फिरत असताना ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या काहीही पुढे लोंबता कामा नये. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पत्र्याची शेड असली तरी दार उघडं ठेवा, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. वायरी सोडवायच्या तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. आणि एक गोष्ट जी पुष्कळजण विसरतात: इंजिन बंद असताना चावी ऑन करून ठेवू नका. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर कॉइलमधून सलग करंट वाहत राहतो आणि ती तापून खराब होते. चाचणीपुरती चावी फिरवा आणि लगेच बंद करा.

सामान फार लागत नाही. मल्टीमीटर, वायरी जोडलेला १२ व्होल्टचा साधा बल्ब, फिलर गेज (बारीक अंतर मोजायची पोलादी पाती), एक जादा प्लग, बारीक पॉलिश पेपर, सुकं सुती फडकं. फिलर गेज बहुतेक बाबांच्या पेटीत सापडेलच. पॉइंटची गाडी सांभाळणारा माणूस त्याच्याशिवाय राहत नाही.

सकाळच्या बिघाडापासून सुरुवात करू. सेल्फ छान फिरतो म्हणजे बॅटरी ठीक आहे. ती बदलण्याची गरज नव्हती, पण ते आता असो. दमट हवेत इंजिन पकडत नाही याचा बहुतेक वेळा अर्थ असा की ठिणगी तयार होते, पण प्लगपर्यंत पोचण्याआधी वाटेत गळते. पंधरा हजार व्होल्टला ओलावा आणि मळ यांचा पातळ थरही रस्ता म्हणून पुरतो. चिपळूणच्या जुलैमध्ये असा थर बसायला एक रात्र बस्स होते. गळण्याच्या मुख्य जागा दोन: डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या वायरी.

अंधार पडल्यावर बॉनेट उघडून इंजिन चालू करा, टॉर्च बंद करा आणि नुसतं बघत राहा. वायरींच्या अंगावरून किंवा कॅपच्या बाजूने निळसर रेघा सरपटताना दिसल्या, तर गळती सापडली. दिसल्या नाहीत तर इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायचा फवारा घ्या आणि अगदी बारीक तुषार एकेका वायरवर लांबून मारा, हात लांबच ठेवून. ज्या वायरीला इंजिन अडखळेल ती गेलेली.

मग इंजिन बंद करून कॅप काढा. त्याआधी चारही वायरींना चिकटपट्टी लावून आकडे लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. तुमच्या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ आहे. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी सुरू होणार नाही, किंवा कार्बोरेटरमधून फटाके उडवील, आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल. कॅप उलटी करून उजेडात धरा. आतल्या चार धातूच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर हलक्या हाताने खरवडून काढता येते. मधोमध स्प्रिंगवर कोळशाचा बारका खुंट असतो, तो बोटाने दाबला की आत जाऊन परत वर आला पाहिजे. पण तुम्हाला खरं शोधायचं आहे ते वेगळंच: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, किंवा टोकापासून खाली कडेपर्यंत गेलेली केसासारखी काळी रेघ. पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसते, पुसली तरी जात नाही. ती कार्बनची रेघ आहे, ठिणगीने स्वतःसाठी केलेली वाट. कुणी म्हणेल घासून काढा. घासू नका, कॅप बदला. एकदा जळालेली वाट पहिल्या पावसात पुन्हा उघडते. तशीच रेघ रोटरवरही बघा.

रेघ नसेल आणि आत नुसता ओलावा असेल तर कॅप सुक्या फडक्याने पुसा, केस वाळवायच्या मशिनची कोमट हवा द्या आणि वायरी जिथे कॅपमध्ये घुसतात तिथली रबरी टोपणं तपासा. चिरलेली, कडक झालेली टोपणं हीच कोकणातल्या जुन्या गाड्यांची नेहमीची दुखरी जागा. ती बदला आणि आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साधं, बेअरिंगचं ग्रीस मुळीच नको. डिस्ट्रिब्युटरला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची पद्धत अजून दिसते. ती मला पटत नाही. पाणी बाहेर अडतं हे खरं, पण इंजिन गार होताना आतली वाफ आतच राहते. वायरी दहा वर्षांपेक्षा जुन्या असतील तर पूर्ण संच एकदम घ्या. एवढी एकच गोष्ट मी न तपासताही बदला म्हणून सांगेन, कारण जुन्या वायरींचं आवरण डोळ्यांना चांगलं दिसूनही गळतं.

आता दुपारचा बिघाड. इथे तुमच्या डिकीतली जुनी कॉइल सोन्याच्या मोलाची आहे.

१२ व्होल्टच्या गाडीत कॉइल दोन प्रकारच्या वापरल्या जातात. एकीच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण ३ ओहम असतो आणि तिला थेट बॅटरीचा पुरवठा दिला जातो. दुसरीचा साधारण दीड ओहम असतो आणि तिच्या वाटेत करंट आवरणारा एक बॅलास्ट रेझिस्टर बसवलेला असतो, बहुधा पांढऱ्या चिनी मातीची बोटभर कांडी. दिसायला दोन्ही कॉइल सारख्या, पट्टीतही सारख्याच बसतात. आता हिशोब करा. इंजिन चालू असताना पुरवठा १४ व्होल्टच्या आसपास असतो. ३ ओहमच्या कॉइलमधून पॉइंट मिटलेले असताना पावणेपाच अँपिअरच्या आत करंट जातो. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर तोच करंट नऊ अँपिअरच्या वर जाऊ शकतो. पॉइंट इतक्या करंटसाठी केलेले नसतात, ते जळतात. कॉइल तापत जाते, आतल्या वेटोळ्यांचं इन्सुलेशन उष्णतेने हार खातं आणि ठिणगी बंद होते. थांबलात, ती गार झाली की परत सुरू. घाट चढताना बॉनेटखाली आधीच भट्टी असते, तेव्हा हे आणखी लवकर होतं. पॉइंट घासून दिले की चार दिवस बरी चालते, ही तुमच्या पत्रातली गोष्ट याच्याशी तंतोतंत जुळते.

म्हणून हे करा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, नव्या कॉइलच्या दोन्ही बारक्या वायरी काढा आणि मल्टीमीटर २०० ओहमच्या पट्ट्यावर ठेवून दोन बारक्या टर्मिनलमधला रोध मोजा. आधी मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो बघा. स्वस्त मीटरमध्ये ०.३ ते ०.५ येतो, तो प्रत्येक मोजमापातून वजा करायचा. एवढ्या लहान आकड्यांत हा फरक महत्त्वाचा आहे. मग डिकीतल्या कॉइलचंही तसंच मोजा. जुनी ३ च्या आसपास आणि नवी दीडच्या आसपास आली, आणि वाटेत कुठे बॅलास्ट नाही, तर चोर सापडला. जुन्या कॉइलचं दुसरं वेटोळंही मोजा, मीटर २० हजार ओहमच्या पट्ट्यावर ठेवून, मधल्या मोठ्या भोकापासून एका बारक्या टर्मिनलपर्यंत. ६ ते १२ हजार ओहमच्या दरम्यान काहीतरी आलं तर ती बहुधा शाबूत आहे. मग ती सरळ परत बसवा. चावीकडून येणारी वायर प्लसला, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी मायनसला. उलट जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगी कमजोर पडते.

दोन्ही कॉइल ३ ओहमच्या निघाल्या तर माझा संशय चुकीचा, आणि मग कंडेन्सर, पेट्रोल, नाहीतर तापल्यावर कमजोर पडणारी कॉइल. हा निवाडा गाडी बंद पडेल त्या क्षणीच करायचा असतो, गार झाल्यावर काहीच हाती लागत नाही. त्यासाठी मुद्दाम घाटात जाऊ नका. घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी तापवा. बंद पडली की बाजूला घ्या, बॉनेट उघडा, कॅपच्या मध्यातली जाड वायर काढा, तिच्या टोकाला जादा प्लग लावा आणि प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या स्वच्छ लोखंडावर टेकवून ठेवा, कार्बोरेटरपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं. हातात धरू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका. दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. जाड, निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी पडत असेल तर कॉइलपर्यंतचं इग्निशन निर्दोष आहे आणि दोष बहुधा पेट्रोलकडे आहे, म्हणजे एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) किंवा तापलेल्या नळीत झालेली वाफ. पिवळी, बारीक, आळशी ठिणगी पडली किंवा पडलीच नाही, तर दोष कॉइल, कंडेन्सर, पॉइंट यांतच.

तेव्हाच तो बल्ब काढा. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या प्लसला, चावी ऑन. लागलाच पाहिजे. लागत नसेल तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही, चावीचा स्विच किंवा वाटेतलं एखादं जोड सैल आहे. प्लसला लागला तर तोच बल्ब मायनसला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्बने उघडझाप केली पाहिजे. सलग जळत राहिला तर पॉइंट करंट घेतच नाहीत, म्हणजे मळलेत, जळलेत किंवा त्यांची वायर तुटली आहे. अजिबात लागलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर ती वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आत जाणारी ती छोटी लवचीक वायर तुम्ही विशेष लक्ष देऊन पाहा. पॉइंटची पाटी आपोआप मागे-पुढे सरकते तशी ती वाकते, आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्याने आतली तार तुटून फक्त वेष्टण उरतं. बाहेरून शहाणी दिसते.

सगळं ठीक दिसून ठिणगी पिवळीच असेल तर कंडेन्सर बदला. एकट्यालाच बदला, पॉइंट त्याच वेळी बदलू नका, नाहीतर गुण कोणाचा हे कळणार नाही. जुना कंडेन्सर फेकू नका. आजकाल मिळणारे नवे कंडेन्सर खोक्यातून काढतानाच खराब निघाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, आणि तीस वर्षं टिकलेला जुना डिकीत असलेला बरा.

आता पॉइंट. नऊ अँपिअर सोसलेले पॉइंट पुन्हा पुन्हा घासून काही खरं नाही. कॉइलचा प्रश्न सुटला की एकदा नवे घाला. आधी नाही, नाहीतर तेही जळतील. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो स्वच्छ फडक्याने पुसल्याशिवाय बसवला तर गाडी सुरूच होत नाही आणि माणूस हैराण होतो. बसवल्यावर गाडी टॉप गिअरला टाकून हळूहळू ढकला, म्हणजे इंजिन फिरेल, आणि पॉइंटची टाच कॅमच्या सर्वांत उंच जागेवर आली की थांबा. या क्षणी पॉइंट जास्तीत जास्त उघडे असतात. तुमच्या गाडीला हे अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान लागतं. बाबांची मॅन्युअलची पुस्तिका सापडली तर तिच्यातला आकडा घ्या. फिलर गेजचं पातं आत सरळ घाला. ते सरकलं पाहिजे, पण सरकताना दोन्ही बाजूंनी अगदी हलकं धरल्यासारखं वाटलं पाहिजे. पातं तिरकं गेलं तर चुकीचं कळतं. स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना अंतर हमखास हलतं. दोन-तीनदा करावं लागेल, वैतागू नका. टाचेपाशी कॅमवर मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढं ग्रीस लावा. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंटचं अंतर बदललं की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, बदलतं. अंतर वाढलं तर ठिणगी लवकर पडते, कमी झालं तर उशिरा. म्हणून शेवटी टायमिंग बघणं आलंच. बल्ब कॉइलच्या मायनसला आणि बॉडीला, चावी ऑन, आणि इंजिन हाताने त्याच्या फिरण्याच्या दिशेने सावकाश फिरवत टायमिंगची खूण समोर आणा. खूण जुळते त्या क्षणी बल्ब लागला पाहिजे. अलीकडे-पलीकडे लागत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा क्लँप सैल करून तो किंचित फिरवा. डिस्ट्रिब्युटर बाहेर मात्र काढू नका. बाहेर काढायची वेळ आलीच तर आधी रोटर कुठे बघतोय आणि डिस्ट्रिब्युटरचं अंग कुठे आहे, दोन्हींच्या खुणा रंगाने करा. त्या न करता काढला तर घरचं काम तिथेच संपतं आणि टोइंगची गाडी बोलवावी लागते. त्यानंतर घाटात चढाला जोरात पाय दिल्यावर इंजिनातून कडकड ठोके आले, तर टायमिंग पुढे गेलंय, थोडं मागे घ्या. ठोक्यांकडे दुर्लक्ष करून गाडी चालवू नका, त्यात पिस्टन जातो.

प्लग नवे आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही. फक्त एकदा काढून रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम. कोरडे काळे म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. अंतर ०.६ मिलिमीटरच्या आसपास असू द्या. अनेक नवे प्लग हल्लीच्या गाड्यांसाठी जास्त अंतर ठेवून येतात, ते पॉइंटच्या कॉइलला जड जातं आणि दमट सकाळी तर फारच.

इलेक्ट्रॉनिक किट? मी त्याच्या विरुद्ध नाही. चांगलं किट बसवलं की पॉइंटची देखभाल संपते. पण किट फक्त पॉइंटची जागा घेतं. कॅपवर कार्बनची रेघ असेल, वायरी गळत असतील, कॉइल चुकीची असेल, तर किट बसवूनही सकाळ-दुपार तेच होणार. शिवाय दीड ओहमच्या कॉइलवर किट लावलं तर काही किटं स्वतःच जळतात. आधी गाडी पॉइंटवर निरोगी करा, एक पावसाळा चालवा, मग ठरवा. किट घेताना डिस्ट्रिब्युटरवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते बघून त्याच्याच मापाचं घ्या, किटाला किती ओहमची कॉइल चालते ते विचारा आणि पॉइंट-कंडेन्सरचा एक तयार संच डिकीत ठेवा. किट घाटात गेलं तर तिथे दुरुस्त होत नाही. पॉइंट होतात.

कॅप, रोटर, वायरी, पॉइंट यांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड धुंडाळावा लागेल. जुना भाग हातात घेऊनच जा, आणि कॉइल घ्यायची वेळ आली तर मीटर खिशात ठेवा. दुकानदारासमोर मोजून घ्यायला संकोच करू नका.

एवढं वाचून ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण तीही पत्रं येतात. संगणकावर चालणाऱ्या इंजिनात वायर काढून हवेत ठिणगी पाडून बघायची चाचणी करू नका. कॉइलला चालवणारं इलेक्ट्रॉनिक्स त्यात जाऊ शकतं. तिथे ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्या, याप्रमाणे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोडचा आकडा तिच्याबरोबर सरकला तर दोष कॉइलचा, नाही सरकला तर प्लग किंवा इंजेक्टरचा. इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी लगेच थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं, आणि तो प्लगच्या कितीतरी पट महाग असतो.

एका गोष्टीत गॅरेजची मदत न लाजता घ्या, ताई. कॉइलच्या प्लसला बल्ब लागत नसेल आणि चावीचा स्विच हलवला की लागत-विझत असेल, किंवा डॅशबोर्डखाली जळालेल्या वायरीचा वास येत असेल, तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. स्विच टाळून थेट वायर जोडून देणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. विनाफ्यूजची ती वायर एक दिवस गाडी पेटवू शकते. गाडीचं पासिंग पुन्हा करायचं असेल तर हे काम त्याआधीच उरका. मिसिंग करणारं इंजिन पेट्रोल न जाळताच बाहेर टाकतं आणि पीयूसीत अडकतं.

रविवारी सकाळी, आईंना खुर्ची टाकून शेजारी बसवा आणि पहिल्यांदा फक्त दोन कॉइल मोजा. बाकी काही उघडू नका. दोन्हींचे आकडे, मीटरच्या सुया टेकवल्यावर आलेला आकडा आणि उलट्या धरलेल्या कॅपचा एक स्पष्ट फोटो मला पाठवा. त्यावरून कोणता पार्ट घ्यायचा आणि कोणता घ्यायचा नाही, ते पुढच्या उत्तरात सांगतो.